सोलापुरी टर्किश टॉवेलचा भेटसंच : माल अव्वल, पट्टी मात्र दुरुस्त व्हायला हवी

सोलापूरच्या नवी पेठेतील एका दुकानातून घेतलेल्या टर्किश टॉवेलच्या भेटसंचाचे हे परीक्षण आहे. संचात अंघोळीचा एक मोठा टॉवेल, हात पुसायचे दोन नॅपकिन आणि तोंड पुसायचे दोन चौकोनी रुमाल आहेत. माल अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा असून परदेशी पाठवायच्या मालासाठी केलेले वेष्टनच येथील विक्रीसाठीही वापरलेले दिसते. पुठ्ठ्याची पेटी, आत पातळ कागद आणि मोठ्या टॉवेलभोवती रुंद कागदी पट्टी असे ते वेष्टन आहे. पट्टीवर ‘टॉवेल’ हा शब्द इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, डच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन अशा सात भाषांत छापला आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगायच्या आहेत त्या एकाच कारखान्यापुरत्या असतील असे मला वाटत नाही.

आधी मालाविषयी. मोठ्या टॉवेलचे माप ७५ बाय १५० सेंटीमीटर असून पेटीवर ५०० जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम, असे वजन छापले आहे. या हिशेबाने टॉवेलचे वजन साधारण ५६० ग्रॅम भरायला हवे आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते तेवढेच भरले. ही तपासणी प्रत्येक ग्राहकाने करून पाहावी अशी आहे, कारण छापील जीएसएम आणि प्रत्यक्ष वजन यांत फरक असेल तर तो टॉवेल हातात घेऊन सहसा कळत नाही; नव्या कापडावरच्या मऊ रसायनांमुळे हलका मालही भरदार लागतो. सोलापूरसारख्या गावात, जिथे नळाला रोज पाणी येत नाही आणि साठवलेले पाणी पुरवून वापरावे लागते, तिथे ६०० किंवा ७०० जीएसएमचा जाड टॉवेल धुवायला जड जातो, त्यामुळे रोजच्या वापराला ५०० हे वजन मला सर्वांत योग्य वाटते. पाणी चांगले टिपले जाते, पिळताना मनगट दुखत नाही आणि उन्हाळ्यात तर टॉवेल दोरीवर टाकल्यावर पाहता पाहता वाळतो.

विणीकडे पाहिले की कारखान्याचे कसब कळते. टर्किश टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात. एका बीमवरचा ताणा घट्ट ओढलेला असतो आणि त्यातून कापडाचा पाया तयार होतो. दुसऱ्या बीमवरचा ताणा सैल सोडलेला असतो. पहिले दोन आडवे धागे पूर्ण न ठोकता थोडे मागे ठेवले जातात आणि तिसरा धागा पडल्यावर फणी तिन्ही धागे एकदम पुढे ढकलते. त्या वेळी सैल ताण्याचा जादा भाग कापडाच्या दोन्ही अंगांना लूप होऊन वर येतो. सैल ताण्याचा ताण कमीजास्त झाला की लूप लहानमोठे होतात आणि टॉवेलवर आडवे पट्टे दिसू लागतात. या संचात असा एकही पट्टा नाही. काठाची नक्षी सपाट आणि नेटकी बसली आहे, कडा दुमडून शिवलेल्या आहेत आणि कोपऱ्यांवर उलटी टीप मारलेली आहे. गडद किरमिजी रंगाने पहिल्या धुण्यात थोडे पाणी रंगवले, नंतर नाही. पहिल्या दोन-तीन धुण्यांत सुताचे तंतू निघतात, ते नव्या टॉवेलला साहजिक आहे. कपडे मऊ करणारे द्रव मात्र या टॉवेलला वापरू नये, कारण त्याचा थर सुतावर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. एखादा लूप ओढला गेलाच तर तो खेचू नये, कात्रीने कापावा. वीण त्यामुळे उसवत नाही.

सोलापुरी चादरीप्रमाणेच सोलापूरच्या टर्किश टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, ही गोष्ट गावाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. चादरीचे नाव झाले आणि टॉवेल तिच्या सावलीत राहिला. वास्तविक ‘टर्किश’ हे विशेषणही नुसते दुकानदारी नाही. लूप असलेल्या या कापडाची प्रेरणा तुर्कस्तानातील बुर्सा शहराच्या विणकरांकडून आली. १८५० च्या सुमारास हेन्री ख्रिस्टी हा इंग्रज प्रवासी तेथून नमुना घेऊन इंग्लंडला परतला, तेथे तो यंत्रावर विणण्याची युक्ती काढण्यात आली आणि १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात तो माल मांडला गेला. खुद्द तुर्की भाषेत टॉवेलला ‘हाव्लू’ म्हणतात, म्हणजे अंगावर लव असलेले कापड. बल्गेरियनमधला ‘हावलिया’ हा त्याचाच वंशज.

आता पट्टीविषयी, जिच्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले. पट्टीवर इंग्रजीत ‘टॉवेल’, फ्रेंचमध्ये ‘सेर्व्हिएत’, जर्मनमध्ये ‘हांटटूख’, डचमध्ये ‘हांडडूक’, स्पॅनिशमध्ये ‘तोआया’, पोर्तुगीजमध्ये ‘तुआल्या’ आणि इटालियनमध्ये ‘तोवाल्या’ असे छापले आहे. शेवटचे तीन शब्द एकाखाली एक वाचले की ते सख्खी भावंडे आहेत हे कोणाच्याही लक्षात येते आणि पट्टी तयार करणाऱ्यानेही बहुधा याच सारखेपणावर विश्वास ठेवला. पण इटालियनमध्ये ‘तोवाल्या’ म्हणजे जेवणाच्या मेजावर अंथरायचे वस्त्र. अंघोळीच्या टॉवेलला प्रमाण इटालियनमध्ये ‘आश्शुगामानो’ म्हणतात, म्हणजे हात कोरडे करणारे. दक्षिण इटलीतल्या बोलींत ‘तोवाल्या’चा अर्थ टॉवेल असाही होतो, परंतु मिलान किंवा तुरिनमधल्या दुकानात ही पेटी मांडली गेली तर ग्राहकाला आत मेजपोस आहे असेच वाटेल.

हा गोंधळ का होतो हे समजण्यासाठी या शब्दाचा प्रवास पाहावा लागतो, आणि तो प्रवास सोलापूरपर्यंत येऊन पोहोचतो म्हणून तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये नाही, जर्मानिक भाषांत, म्हणजे जर्मन, डच, इंग्रजी यांच्या कुळात, आहे. त्या भाषांत ‘धुणे’ या अर्थाचे ‘थ्वाहन’ असे क्रियापद होते. गॉथिक या त्या कुळातल्या जुन्या भाषेत ते सापडते आणि आजच्या आइसलँडिकमध्येही धुण्याला ‘थ्वो’ म्हणतात. त्या क्रियापदापासून धुण्याच्या वेळी लागणाऱ्या कापडाला नाव मिळाले. आज ज्याला आपण फ्रान्स म्हणतो त्या प्रदेशावर ज्या फ्रँक लोकांनी राज्य केले त्यांची भाषा याच कुळातली होती, आणि त्यांच्याकडून हा शब्द लॅटिनपासून निघालेल्या भाषांत शिरला. जुन्या फ्रेंचमध्ये तो ‘तोआय’ झाला आणि तेथून तेराव्या शतकात इंग्रजीत जाऊन कालांतराने ‘टॉवेल’ झाला. इंग्रजी ही स्वतः जर्मानिक कुळातली भाषा. तिच्याकडे धुण्याचे तेच जुने क्रियापद होते, पण ते लोप पावले आणि त्याच मुळाचा शब्द तिला फ्रेंचकडून उसना घ्यावा लागला.

ज्या भाषांच्या घरातून हा शब्द निघाला तेथे मात्र त्याची अवस्था बिकट झाली. जर्मनमध्ये त्याचे ‘त्स्वेले’ हे रूप काही भागांच्या बोलीपुरते उरले आणि प्रमाण भाषेत हात आणि कापड हे दोन शब्द जोडून केलेला ‘हांटटूख’ रूढ झाला. डचमध्ये तर त्याच्या दोन शाखा झाल्या. ‘ड्वाल’ म्हणजे चर्चच्या वेदीवर अंथरायचे वस्त्र आणि ‘ड्वेइल’ म्हणजे फरशी पुसायचे फडके. एकाच मुळापासून निघालेला एक शब्द वेदीवर गेला आणि दुसरा फरशीवर, हे मला या साऱ्या कुळकथेतले सर्वांत विलक्षण वळण वाटते. हा ‘ड्वेइल’ समुद्र ओलांडून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरही पोहोचला. नॉरफोक आणि सफोक भागांतल्या बोलीत फरशीच्या फडक्याला ‘ड्वाइल’ म्हणतात. म्हणजे इंग्रजीत टॉवेल आणि ड्वाइल हे एकाच पूर्वजाचे दोन वंशज दोन वेगळ्या वाटांनी आले, आणि बोलणाऱ्यांना त्यांचे नाते आता जाणवतही नाही.

लॅटिनपासून निघालेल्या भाषांत मात्र शब्दाची वाटणी वेगळ्या तऱ्हेने झाली. स्पॅनिशमध्ये ‘तोआया’ म्हणजे फक्त टॉवेल. पोर्तुगीजमध्ये ‘तुआल्या’ म्हणजे टॉवेलही आणि मेजपोसही. कोणता ते कळावे म्हणून अंघोळीचा, तोंडाचा किंवा मेजाचा असे पुढे जोडावे लागते. इटालियनने मेजाची बाजू ठेवली आणि त्यालाच लघुत्वाचा प्रत्यय लावून ‘तोवाल्योलो’, म्हणजे जेवताना मांडीवर घ्यायचा रुमाल, तयार केला. बार्सेलोनाकडच्या कॅटलान भाषेने सगळेच ठेवले; तिच्यात टॉवेल, जेवणाचा रुमाल आणि मेजपोस ही तिन्ही नावे याच एका शब्दापासून निरनिराळे प्रत्यय लावून केलेली आहेत. फ्रेंचमध्ये ‘तुआय’ हा जुना शब्द जवळजवळ अडगळीत गेला.

अंग पुसायचे कापड आणि मेजावर अंथरायचे कापड यांची अशी सरमिसळ होण्याचे कारण जेवणाच्या जुन्या रीतीत आहे. जेवणाचे काटे घराघरांत येण्यापूर्वी युरोपातले लोक आपल्यासारखेच हाताने जेवत. मानाच्या पंगतीत जेवणाआधी आणि जेवणानंतर तस्त व झारी फिरवली जाई आणि हात पुसायला लांब वस्त्र पुढे केले जाई. मेजावर अंथरलेल्या वस्त्राच्या लोंबत्या काठालाही हात पुसले जात. हात धुणे आणि जेवणे ही एकाच बैठकीतली कामे असल्यामुळे वस्त्राचे नाव एका कामावरून दुसऱ्यावर सरकायला वेळ लागला नाही. याहूनही जुना दाखला लॅटिनमधल्या ‘मान्तेले’ या शब्दाचा आहे. त्याचा मूळ अर्थ हात पुसायचे वस्त्र असा होता, पुढे लॅटिनमध्येच तो मेजपोसाकडे वळला आणि आज स्पॅनिशमध्ये ‘मान्तेल’ म्हणजे मेजपोसच. दोन वेगळ्या कुळांतले दोन शब्द एकाच वाटेने गेले, त्यामुळे हा योगायोग नसून राहणीचा परिणाम होता असे म्हणायला आधार मिळतो.

फ्रेंच शब्दाविषयी वेगळे सांगायला हवे. ‘सेर्व्हिएत’ हा या कुळातला नाही. तो सेवा करणे, वाढणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचे तीन अर्थ आहेत : जेवणाचा रुमाल, टॉवेल आणि कागदपत्रे ठेवायची चामडी बॅग. जर्मन व इंग्रजी भाषांनी हा शब्द उचलला तेव्हा पहिलाच अर्थ घेतला. त्यामुळे सात भाषा शेजारी शेजारी छापलेल्या पट्टीवर नुसते ‘सेर्व्हिएत’ लिहिणे चूक नसले तरी अपुरे आहे. जर्मन ग्राहकाची नजर त्यावर पडली तर त्याला कागदी रुमालच आठवेल. फ्रेंचमध्ये ‘सेर्व्हिएत द बँ’, म्हणजे अंघोळीचा टॉवेल, असे पूर्ण लिहिले की प्रश्न मिटतो. पोर्तुगीज शब्दालाही याच कारणासाठी ‘द बान्यू’ जोडायला हवे.

पेटीच्या बाजूला इंग्रजीत संचातील नगांची यादी आहे आणि तिच्यात हात पुसायच्या टॉवेलला ‘नॅपकिन’ म्हटले आहे. आपल्याकडे हा शब्द इतका रुळला आहे की त्यात काही खटकावे असे वाटतही नाही. सोलापूरच्या कोणत्याही दुकानात नॅपकिन मागितला तर हात पुसायचा छोटा टर्किश टॉवेलच समोर येतो. परंतु इंग्लंड-अमेरिकेत नॅपकिन म्हणजे जेवताना वापरायचा रुमाल, कापडी किंवा कागदी. तो शब्दही मेजाशीच जोडलेला आहे, कारण त्याच्या पोटात मेजपोसाला म्हणायचा ‘नाप’ हा फ्रेंच शब्द आहे. मराठीतला वापर मला मुळीच चुकीचा वाटत नाही. शब्द आपल्या घरी आला की तो आपल्या घरच्या कामाला लागणारच. पण निर्यातीच्या पेटीवर इंग्रजीत ‘हँड टॉवेल’ असेच लिहायला हवे.

एवढा काथ्याकूट कागदी पट्टीसाठी कशाला, असे कोणी विचारेल. युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या कापडावर त्यातल्या तंतूंची माहिती विक्रीच्या देशाच्या अधिकृत भाषेत द्यावी लागते. २०११ च्या १००७ क्रमांकाच्या नियमावलीत तसे बंधन आहे. या संचात शिवलेल्या छोट्या लेबलवर ‘शंभर टक्के सूत’ हे सातही भाषांत अचूक आहे, म्हणजे कारखान्याने कायद्याला लागणारा मजकूर नीट तपासून घेतला आणि पट्टीवरचा शब्द, जो ग्राहक सर्वांत आधी वाचतो, तो तसाच सोडला. इतक्या काटेकोर विणीवर अशी निष्काळजी पट्टी पाहून मला वाईट वाटले. सोलापूरच्या विणकराने लुपाची उंची राखायला जी नजर लावली तीच नजर पट्टीच्या मजकुराला लाभायला हवी होती.

पट्टीवर आणखी एक उणीव आहे आणि ती मला इटालियन चुकीपेक्षाही जास्त खुपते. तिच्यावर मराठी नाही आणि तेलुगूही नाही. या गावातले माग ज्या पद्मशाली समाजाने मोठ्या प्रमाणावर चालवले तो तेलंगणातून आलेला आणि घरात तेलुगू बोलणारा. तेलुगूत टॉवेलला ‘तुवालु’ म्हणतात आणि हा शब्द इंग्रजीतून आलेला नाही. तो पोर्तुगीज ‘तुआल्या’चे रूप आहे. गोव्याच्या कोंकणीतला ‘तुवालो’, मल्याळममधला ‘तुवाल’ आणि हिंदी-उर्दूतला ‘तौलिया’ यांचेही मूळ तेच. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावर जे शब्द आणले त्यांत आपली बादलीही आहे. मराठीने मात्र ‘टॉवेल’ हे रूप इंग्रजीकडून घेतले. परिणामी सोलापूरच्या एकाच कारखान्यात मराठी मुकादम ‘टॉवेल’ म्हणतो आणि तेलुगू विणकर ‘तुवालु’ म्हणतो तेव्हा दोघेही त्याच जुन्या जर्मानिक शब्दाची दोन रूपे उच्चारत असतात : एक फ्रान्स-इंग्लंडच्या वाटेने आलेले, दुसरे पोर्तुगालच्या. ज्या गावात या शब्दाच्या दोन शाखा पुन्हा एकत्र आल्या, त्या गावच्या मालावर युरोपातल्या सात भाषा असाव्यात आणि येथल्या दोन नसाव्यात, हे योग्य नाही. देवनागरी आणि तेलुगू लिपीत एकेक ओळ छापायला पट्टीवर जागा पुष्कळ आहे.

दुकानाची सेवा चांगली आहे. विक्रेत्याने निरनिराळ्या वजनांचे टॉवेल उलगडून दाखवले, रंग पहिल्यांदा वेगळा धुवा हे आपणहून सांगितले आणि काठावर निघालेला एक धागा दाखवताच तो नग बदलून दिला. पट्टीवरची चूक सांगितली तेव्हा त्यांनी ती कागदावर लिहून घेतली आणि कारखान्यात कळवतो म्हणाले. भाव पेटीमुळे चढा आहे. हाच टॉवेल याच दुकानात सुटाही मिळतो, वीण आणि वजन तेच, आणि पेटीचा खर्च वाचतो. घरच्या वापराला सुटाच घ्यावा. लग्नात किंवा वास्तुशांतीला देण्यासाठी पेटी शोभून दिसते, तेव्हा ती जरूर घ्यावी. युरोपात राहणाऱ्या नातेवाइकांना पाठवायची असेल तर पट्टी काढून टाकावी आणि आत धुण्याविषयीची चिठ्ठी आपल्या हाताने लिहून ठेवावी : पहिले धुणे वेगळे, गार पाण्यात, मऊ करणारे द्रव न घालता.